हिवाळ्यातला ढीग

३ सप्टेंबर

निवृत्त होऊन आज बरोबर एक वर्ष झालं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानांचे काटे तपासले, पोकळ वजनं पकडली, पोत्याला अर्धा किलो मारणाऱ्यांना दंड केला. दुकानात पाऊल टाकलं की "या साहेब, बसा साहेब" सुरू व्हायचं. त्या 'साहेब'मध्ये किती शिव्या भरलेल्या असत ते मला नुसत्या कानाने तोलता यायचं. आता तसं म्हणणारं कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटतं.

थोरला भाऊ गेल्यावर ही जमीन निम्मी माझी, निम्मी वहिनींची. घरही तसंच. पाच गाई मात्र पूर्ण वहिनींच्या. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली, लेक परदेशी. म्हणून इथे आलो.

आज कुरणात औषध मारलं. काटेरी तण इतकं माजलं होतं की गवत कापताना वहिनींचे हात रक्ताळत. भावाने पंधरा वर्षं नुसती कुरकुर केली. मी सरळ दुकानातून तणनाशक आणलं. गवताला धक्का लागत नाही, फक्त रुंद पानांचं मरतं, असं दुकानदार म्हणाला. माझ्या जुन्या मापनळीने थेंबाथेंबाने मोजून पंपात घातलं. सोबत सात घड्यांचा कागद होता, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. नोकरीत असतो तर कंपनीला नोटीस धाडली असती. चष्मा घरी राहिला होता. कागद हत्यारांच्या पेटीत टाकला.

वहिनींना सांगितलं नाही. बघतील तेव्हा कळेलच.

८ ऑक्टोबर

गवत कापून, वाळवून गंजी रचली. वहिनी हातमोजे न घालता काम करत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "भाऊजी, काटे कुठे गेले?"

"गेले," मी म्हणालो.

"तुमच्या भावाला जन्मभर जमलं नाही ते."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दोरी आवळत राहिलो. पण दिवसभर शीळ घालत होतो. या वयात शीळ घालावी का, हा प्रश्न वेगळा.

११ जानेवारी

आज खतावरून वाजलं.

वहिनींचं म्हणणं, वसंतात कालव्याकडच्या शेतात गोठ्याचं खत पसरायचं, दर वर्षीसारखं. मी गेल्या वर्षी ते काम केलंय, त्यामुळे मला त्याचा भाव माहीत आहे. ढीग उकरायचा, गाडी भरायची, चिखलातून न्यायची, पुन्हा उतरवायची, दाताळ्याने खत पसरायचं. सहा दिवस दोन माणसं. सातव्या दिवशी माझी कंबर सरळ व्हायला नकार देते. वर माश्या. त्यातून तणाचं बी आयतं पेरून मिळतं. आणि एवढं करून त्या ढिगात नेमकं काय किती आहे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोणीवर निदान आकडे तरी छापलेले असतात.

वहिनींनी फावडं घेतलं, शेतात गेल्या आणि मातीचं एक ढेकूळ आणून माझ्या वर्तमानपत्रावर ठेवलं. त्यातून तीन गांडुळं बाहेर आली.

"बांधापलीकडच्या शेतात एक तरी दाखवा," त्या म्हणाल्या. "पाऊस पडला की त्यांच्याकडे डबकं साचतं. आपल्याकडे पाणी जिरतं. हे गोणीवर छापलंय का?"

"गांडुळं काट्यावर चढत नाहीत, वहिनी."

"मग तुमचा काटा काय कामाचा?"

मुद्दा खताचा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुधात चारा-पाणी जेमतेम सुटतं, हे वहिनी स्वतःच कबूल करतात. गाई ठेवायला खत हे एकच कारण उरलंय. वहिनी त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. पहाटे चारला उठतात, मागच्या महिन्यात गोठ्यात घसरून पडल्या, रात्रीचं जेवण नवाच्या आधी होत नाही. मला सातला जेवायची सवय आहे. हे मी त्यांच्याच भल्यासाठी म्हणतोय.

१९ जानेवारी

चाचणी करायची ठरलं. कल्पना माझी. कालव्याकडच्या शेतात दोन सारखे पट्टे आखायचे, एकात शेणखत, दुसऱ्यात गोणीचं खत. बाकी सगळं एकसारखं. शेणखताचा पट्टा मागे पडला तर उन्हाळ्यात गाई विकायच्या आणि कुरण भाड्याने द्यायचं. पुढे गेला तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही आणि दर वसंतात दाताळं हातात घ्यायचं.

वाटलं होतं वहिनी टाळतील. त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मोजा. तुमच्या काट्याला भ्यायला मी काही दुकानदार नाही."

कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

२ मार्च

दोन गोष्टींवर घासाघीस झाली, दोन्हीत माझं खरं झालं.

पहिली, पीक. वहिनींना मका हवा होता. मी घेवडा धरला. मक्याचं एकदाच काय ते वजन होणार. घेवडा दर तीन दिवसांनी तोडता येतो, म्हणजे वीस-पंचवीस मोजण्या मिळतात. एका मोजणीवर विश्वास ठेवणारा निरीक्षक मी कधीच नव्हतो.

दुसरी, ढीग. गोठ्यामागे दोन आहेत. एक भावाच्या वेळचा, काळाभोर, भुसभुशीत. दुसरा या हिवाळ्यातला. वहिनी म्हणाल्या, "जुना घ्या भाऊजी. नवा अजून कच्चा आहे, मुरलेला नाही."

मी म्हणालो, "जुन्यात कोणी काय टाकलंय, किती पावसाने काय वाहून गेलंय, कोणाला माहीत? नवा माझ्या डोळ्यांसमोर झालाय. त्या गाईंनी काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं मला माहीत आहे. ज्या मालाची नोंद नाही तो माल चाचणीत नाही."

"नोंद," वहिनी म्हणाल्या, आणि चूल पेटवायला गेल्या.

९ मार्च

कोणता पट्टा कोणाला, यासाठी नाणं उडवलं. नाणं वहिनींना उडवायला लावलं, म्हणजे पुढे कुरबुर नको. खताची पाटीन् पाटी तोलली. कंबरेचे हाल झाले, पण पोस्टाच्या काट्यावर पाकीट तोलावं इतकं चोख काम झालंय. एवढी प्रामाणिक चाचणी कृषी कॉलेजातही होत नसेल.

१२ एप्रिल

शेणखताच्या पट्ट्यात काहीतरी बिनसलंय. रोपं दोन्ही पट्ट्यांत एकदमच उगवली, पण आता नवीन पानं पेल्यासारखी वर वळलीत, शेंडे आखडलेत, देठ पिळवटलेत. गोणीचा पट्टा हिरवागार, सरळ.

वहिनी रोज सकाळी वाकून एकेक पान उलटं करून बघतात. कीड नाही. बुरशी नाही. मुळं ठीक आहेत.

नवल म्हणजे त्या पट्ट्यात गवत मजेत वाढतंय. घेवडा कण्हतोय आणि गवताला काही झालेलंच नाही. बाकीचं तण मात्र घेवड्यासारखंच वाकडं. नोंदीत लिहून ठेवलं. अर्थ लागत नाही. बहुधा शेणातून गवताचं बी आलं असावं. तेच तर मी म्हणत होतो.

२ मे

आतापर्यंत चार तोडण्या झाल्या. गोणीचा पट्टा एकतीस किलो. शेणखताचा साडेतीन, आणि त्यातही निम्म्या शेंगा वाकड्या. मला जिंकायचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इतकं नाही. पाच-दहा टक्क्यांनी जिंकलो असतो तर जेवताना समोर बघता आलं असतं.

दुपारी वहिनींनी माझ्या टेबलावर पत्र्याचे दोन डबे ठेवले. दोन्हींत घेवड्याची रोपं. एका डब्यात जुन्या ढिगाचं खत, रोपं ताठ. दुसऱ्यात हिवाळ्यातलं, रोपं आखडलेली.

"मी म्हटलं होतं ना, नवं कच्चं आहे. जुन्यातलं बघा. जुन्यावर पुन्हा एकदा करू या चाचणी. एवढा एकच हंगाम, भाऊजी."

वहिनींनी मला आजवर काही मागितलेलं नाही. भाऊ गेला तेव्हाही नाही. कच्च्या खताने मुळं जळतात, पानं पिवळी पडतात. पानं अशी पिळवटत नाहीत, हेही मनात आलं. मग वाटलं, चौतीस वर्षं प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा, साहेब, दुसऱ्या वजनाने एकदा तोलून बघा. एकदा सोडलं की संपलं.

"दोन डब्यांवरून निष्कर्ष काढत नाहीत," मी म्हणालो. "आणि जुना ढीग करारात नव्हता."

त्यांनी डबे उचलले. टेबलावर मातीचे दोन गोल राहिले होते, तेही पदराने पुसून नेले.

२१ मे

गाई गेल्या.

व्यापारी सकाळीच ट्रक घेऊन आला. वहिनींनी पाचही जणींना कालच धुऊन काढलं होतं. रडल्या नाहीत. व्यापाऱ्याला एकेकीचं सांगत होत्या, "ही डावीकडून पिळली तर लाथ मारते, उजवीकडून बसा. ही थंड पाणी पीत नाही, कोमट लागतं. ही म्हातारी, हिला शेवटी चारा घालू नका, रुसते." व्यापारी मोबाईलमध्ये बघत "हो मावशी, हो मावशी" करत होता.

म्हातारी फळीवर चढेना. व्यापाऱ्याने काठी उचलली. वहिनींनी ती हातातून काढून घेतली, स्वतः ट्रकात चढल्या आणि तिला हाक मारली. तशी ती मुकाट चढली.

मी पैसे मोजून घेतले. कोणीतरी मोजायलाच हवे होते.

२ जून

आता जेवण बरोबर सातला असतं. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. चवही छान असते. वहिनी आपलं ताट घेऊन मागच्या पायरीवर बसतात, गोठ्याकडे तोंड करून.

पहाटे चारला त्यांच्या खोलीतला दिवा लागतो. मग थोड्या वेळाने विझतो.

६ जून

चाचणीवर मासिकासाठी लेख लिहावा असं मनात होतं. म्हणून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने पाठवले होते. तिथली माती तपासणारी बाई आज स्वतःच आली. तिशीची असेल, बुटांना चिखल, बोलायला तडफदार. वहिनी बाजारात गेल्या होत्या.

मी चाचणीच्या नोंदींची वही दाखवली. तिने पानं उलटली, "काय नोंदी ठेवल्यात काका तुम्ही!" म्हणाली. मी फुललो. वहीत घेवड्याची पानं दाबून ठेवली होती. ती बघताच तिचं हसू गेलं.

"गाईंना गवत कुठलं घालत होता?"

"आपल्याच कुरणातलं."

"त्यावर तणनाशक मारलं होतं का? रुंद पानांच्या तणाचं?"

माझ्या तोंडून "नाही" निघालं. विचार करायच्या आत निघालं. शिरस्त्याने मी दुकानदारांना विचारायचो, वजन तासलंय का, आणि तेही इतक्याच चटकन "नाही" म्हणायचे.

ती म्हणाली, "मग विकत घेतलेलं असेल कुठूनतरी. काही औषधं गवतात टिकतात. गाईला काही होत नाही, पोटातून जशीच्या तशी शेणात उतरतात. ते खत घेवडा, वाटाणा, टोमॅटो, बटाटा यांना घातलं की असंच होतं. मका-गव्हाला ढिम्म फरक पडत नाही. ढिगात वर्ष-दोन वर्षंही राहतं. खताचा दोष नाही काका यात. उलट तुमची माती फार छान आहे. वर्षानुवर्षं खत घातलेली दिसतेय."

ती गेल्यावर हत्यारांची पेटी उपसली. कागद तिथेच होता. नोकरीतलं भिंग काढलं, वजनांवरचे शिक्के तपासायचं. पाचव्या घडीत तीन ओळी होत्या. या गवतावर पोसलेल्या जनावरांचं खत पुढील पिकांना घालू नये. मग नावं. पहिलंच नाव घेवड्याचं.

कागदाच्या सातही घड्या परत घातल्या.

१० जून

सांगायला हवं. रोज सातला ताट समोर येतं तेव्हा सांगायचं ठरवतो.

आज वहिनी आपणहून बोलल्या. "माझंच चुकलं असेल. गोठा नीट झाडला नसेल मी. खतात खोट आली ती माझ्याच हातची." मी भाजी वाढून घेतली. दोनदा वाढून घेतली. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते या वयात कळलं.

१४ जून

स्वतःशी हिशेब मांडून पाहिला. सांगितलं तर गाई परत येत नाहीत. सांगितलं नाही तर वहिनी स्वतःला दोष देत राहतात, पण मला जेवायला वाढतात. दोन्ही बाजू वहीत लिहिल्या आणि पान फाडलं.

१९ जून

दहाच्या सुमाराला रोपवाटिकावाला हातगाडी घेऊन आला. भला माणूस, भावाचा दोस्त. वहिनींनीच त्याला बोलावलं होतं.

"घेऊन जा सगळं," त्या त्याला सांगत होत्या. "तेव्हा कच्चं होतं, आता उन्हाळा खाल्लाय त्याने, चांगलं मुरलंय. आमच्याकडे कोणासाठी ठेवायचं?"

"टोमॅटोची दोन हजार रोपं लावायची आहेत वहिनी. देवासारख्या पावलात."

तो हिवाळ्यातल्या ढिगाला फावडं लावत होता. मी खिडकीत उभा होतो. सवयीने फावडी मोजत होतो. एक, दोन, तीन. नऊपर्यंत गप्प राहिलो, हे इथे लिहिलं पाहिजे. नऊपर्यंत मी असाही विचार करत होतो की टोमॅटो वाकडे झाले तर तो बियाण्याला दोष देईल.

दहाव्याला बाहेर गेलो. "थांबा. ते नेऊ नका."

आणि सगळं सांगितलं. तण, औषध, कागद, भिंग, माती तपासणारी बाई. रोपवाटिकावाल्याने गाडी उलटी केली, खत ढिगावर परत ओतलं आणि गाडी ढकलत निघून गेला.

वहिनी फावड्याला टेकून उभ्या होत्या. एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं बोलल्या.

"म्हणजे गवत तुम्ही दिलंत. त्यांनी ते खाल्लं. आणि विकल्या मी त्यांना."

"वहिनी, मला माहीत नव्हतं. तुमचे हात रक्ताळायचे म्हणून..."

"कळलं कधी तुम्हाला?"

"सहा तारखेला."

"आज एकोणीस." त्यांनी फावडं भिंतीला लावलं. "तेरा दिवस."

मोजणं त्यांनाही येतं.

२३ जून

दोन बस बदलून व्यापाऱ्याकडे गेलो. दुप्पट पैसे देतो म्हणालो. त्याने चहा दिला. तीन गाई एका मोठ्या डेअरीने घेतल्या, ती डेअरी परत विकत नाही. चौथीचं त्याला आठवेना.

"आणि म्हातारी?" मी विचारलं.

"काका, ती दूध किती देणार होती?" तो म्हणाला, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

घरी आल्यावर वहिनींना तिघींचं सांगितलं. म्हातारीबद्दल त्यांनी विचारलं नाही. म्हणून मीही सांगितलं नाही. काट्याची दांडी आता तशीही सरळ होणार नाही.

२६ जून

करारपत्र काढून वहिनींच्या समोर ठेवलं आणि म्हणालो, "यातली माझी बाजू मी हरलो. जुना ढीग शेतात मी एकटा पसरीन. पुढल्या वसंतात दोन वासरं आणू."

त्या भाजी निवडत होत्या. "त्रेसष्ट वर्षांची आहे मी," म्हणाल्या. "गोठ्यात घसरून पडते. तुम्हीच लिहिलंय कुठेतरी." ही रोजनिशी मी टेबलावर उघडी टाकून झोपायला गेलो होतो, तेवीसच्या रात्री.

म्हणजे हे सगळं त्यांनी वाचलंय. शीळ, सातचं जेवण, नऊ फावडी. म्हातारीसुद्धा.

२७ जून

दिवसभर जुना ढीग उकरला. तीस पाट्या पसरल्या. तोलल्या नाहीत. काळं, हलकं खत आहे, हाताला मातीसारखाच वास येतो. खाली गांडुळंच गांडुळं. कंबर मोडली.

सातचे ठोके पडले तेव्हा मोरीत हातपाय धूत होतो. वहिनींचा आवाज आला. रोजचाच आवाज, चढलेला नाही की पडलेला नाही. बोलण्यात काही कमी नव्हतं, उलट मान राखूनच बोलल्या. गेल्या चाळीस वर्षांत त्या मला भाऊजीशिवाय दुसरं काही म्हणालेल्या नाहीत.

"या साहेब," त्या म्हणाल्या. "बसा साहेब. वाढलंय."